मूळ फोटो थेट टाइमलाइनवर घ्यावेत, की आधी आकार कमी करून?

व्हिडिओत स्थिर छायाचित्रे वापरायची झाल्यास दोन मार्ग समोर असतात. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी प्रोजेक्टमध्ये घ्यायची आणि मापाचा सगळा हिशेब संपादनाच्या सॉफ्टवेअरवर सोपवायचा, हा पहिला. फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्राची बेताच्या मापाची प्रत आधी काढून घ्यायची आणि तीच आयात करायची, हा दुसरा. मी दोन्ही मार्गांनी काम केले आहे आणि आता बहुतेक वेळा दुसराच निवडतो. तरीही पहिल्या मार्गाची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करायला हवे.

24 मेगापिक्सेलचा फोटो साधारणपणे 6000×4000 पिक्सेलांचा असतो आणि 1920×1080 च्या चौकटीपेक्षा तो तिपटीहून अधिक रुंद भरतो. त्यामुळे समूहचित्रातील एका चेहऱ्यापर्यंत जावे असे ऐनवेळी वाटले, तरी चित्र फाटत नाही. उद्या तोच प्रकल्प 4के मध्ये काढायचा ठरला तरी फोटो पुन्हा शोधत बसावे लागत नाही, आणि प्रतींचे दुसरे फोल्डर सांभाळण्याचे कामही उरत नाही. मात्र हा फायदा खरोखर पदरात पडतो की नाही, हे फोटो चौकटीत कसा बसवला जातो यावर अवलंबून असते. प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘स्केल टू फ्रेम साइझ’ हा पर्याय चित्राचे पिक्सेलच टाइमलाइनच्या, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीच्या, मापाला आणतो आणि नंतरचे झूम त्या घटलेल्या पिक्सेलांवर चालते. ‘सेट टू फ्रेम साइझ’ मात्र फक्त स्केलचा, म्हणजे चित्र किती टक्के मोठे दाखवायचे त्याचा, आकडा बदलतो आणि मूळ पिक्सेल हाताशी ठेवतो. थेट आयात करणाऱ्याने हा फरक सुरुवातीलाच पाहून घ्यावा, नाहीतर मोठी फाइल वागवूनही हाती काही लागत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र वेगळ्याच गोष्टीवर. संथ झूम-आउट चालू असताना कौलांच्या ओळी, विटांचे सांधे, जाळीचे कुंपण, कापडाची वीण असे बारीक तपशील वळवळू लागतात. फोटो थांबलेला असताना काहीच खटकत नाही. हालचाल सुरू झाली की रेषा लुकलुकतात, आणि एकदा तिकडे लक्ष गेले की चेहऱ्यांकडे पाहणेच होत नाही. कारण समजण्यासारखे आहे. चित्र तिपटीने लहान करायचे, तर पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूसाठी मूळ चित्रातील साधारण नऊ पिक्सेलांची सरासरी घ्यायला हवी. प्लेबॅकच्या वेगासाठी अनेकदा वापरली जाणारी चित्र लहान करण्याची साधी बायलिनिअर पद्धत शेजारचे फक्त चार पिक्सेल विचारात घेते. उरलेले गळतात, आणि कोणते गळायचे हे प्रत्येक फ्रेमला बदलत राहते. स्केलिंगचा दर्जा वाढवून किंवा किंचित ब्लर देऊन हे कमी करता येते, हे खरे. पण प्रत्येक क्लिपवर वेगळा उपचार करण्याचा मला कंटाळा येतो, आणि ब्लरने चेहरेही मऊ पडतात. तेच चित्र आधी फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये बायक्युबिक किंवा लँक्झोस या अधिक पिक्सेल विचारात घेणाऱ्या पद्धतीने लहान करून घेतले, की माझ्या अनुभवात ही वळवळ जवळजवळ नाहीशी होते. माझ्याकडे याचे मोजमाप नाही. पण दोन्ही क्लिपा शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक ओळखायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

प्रतीचे माप ठरवणे सोपे आहे: चौकटीची रुंदी गुणिले त्या शॉटमधील सर्वाधिक झूम. 1920 च्या टाइमलाइनवर पूर्ण रुंदीपासून 120 टक्क्यांपर्यंत जायचे असेल, तर 2304 पिक्सेल रुंदी पुरते. 3:2 च्या फोटोला त्यासाठी 1536 पिक्सेल उंची येते. मेमरीचा भारही उतरतो: 24 मेगापिक्सेलचे चित्र 8-बिट चार चॅनेलमध्ये उघडले की सुमारे 96 एमबी जागा घेते, ही प्रत जेमतेम 14 एमबी. फोटो भरपूर असतील, तर टाइमलाइनवर पुढेमागे करताना हा हलकेपणा जाणवतो. डीपीआयचा (छपाईत इंचामागे किती बिंदू, याचा) आकडा 72 असो वा 300, इथे त्याने काहीही बदलत नाही.

या मार्गाची किंमत अशी, की झूमचा निर्णय आधी घ्यावा लागतो. तो नंतर बदलला तर मोठी प्रत काढून जुनीच्या जागी ठेवावी लागते, आणि स्केलचा आकडा जिथे मूळ पिक्सेलांवर मोजला जातो तिथे कीफ्रेमही (हालचाल कुठून कुठे जायची ते ठरवणाऱ्या खुणा) पुन्हा बसवाव्या लागतात. ज्यांना चित्रांची मांडणी शेवटपर्यंत हलवत राहण्याची सवय आहे, त्यांना हे जाचक वाटेल, आणि त्यांनी थेट आयात केली तर मी त्यांना दोष देणार नाही.

माझ्या पारड्यात मात्र आणखी थोडे वजन पडते. प्रती काढतानाच आडवे-उभेपण पक्के होते, रंग एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगमानात येतात, आणि सीएमवायके (छपाईच्या रंगांतील) जेपेग किंवा हेइक (आयफोनचे फोटो ज्यात येतात तो प्रकार) यांसारख्या, सर्वच सॉफ्टवेअर सारख्या सहजतेने न घेणाऱ्या फायली आधीच मार्गी लागतात. नावेही बदलून घेता येतात, आणि हे वाटते त्याहून उपयोगी आहे: डाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया पेजवर ओळीने क्रमांक असलेले फोटो एकाच क्लिपसारखे दिसू शकतात. तिथे फ्रेम डिस्प्ले मोड ‘इंडिव्हिज्युअल’ केला की ते सुटे होतात. पण नावाच्या शेवटी क्रमांकच नसला, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रत काढताना शार्पनिंग बंद ठेवावे, कारण कडांवर चढलेली ती चमक हालचालीत पुन्हा लुकलुकते. जुने नकाशे आणि स्कॅन केलेली हस्तलिखिते, जिथे एका अक्षरापर्यंत पोहोचायचे असते, ती मात्र मीही मूळ मापातच घेतो.