ओमेगा १००४९: डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश, उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वापरून

ट्यूबमधल्या क्रीमने दाढी करत असाल तर हा ब्रश घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. क्रीमचा फेस कोपऱ्यावरच्या दुकानातल्या नायलॉनच्या ब्रशनेही मस्त होतो. डुकराच्या केसांचा ब्रश खरा कामाला येतो तो साबणाच्या कडक वडीसाठी, आणि तोही दीड-दोन महिने रोज भिजून-वाळून झाल्यावर. पहिल्या आठवड्यात त्याच्याबद्दल जे काही वाटेल, त्यावर जाऊ नका.

सेफ्टी रेझर आणि वडीचा साबण सुरू केला तेव्हा घरातल्या नायलॉनच्या ब्रशची टोकं वडीवरून नुसती घसरायची. कितीही घासा, साबण उचललाच जाईना. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या चांगल्या ब्रशचे भाव बघून तो विचार तिथेच सोडला. राहिला डुक्कर. जाहिरातीत ‘रानडुक्कर’ लिहितात, पण केस पाळीव डुकरांचेच असतात आणि बहुतेक चीनमधून येतात. ज्यांना धर्मामुळे किंवा मनाला पटत नाही म्हणून हे नको असेल त्यांच्यासाठी आता चांगले सिंथेटिक ब्रश मिळतात, तेव्हा उगाच मन मारून घेण्यात अर्थ नाही.

निवडताना नावं मुख्यतः दोन समोर येतात. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा, १९३१ पासूनची. आणि पोर्तुगालची सेमोग, १९५५ पासूनची. दोघांचीही मॉडेलं ढिगाने आणि नावांऐवजी नुसते आकडे, त्यामुळे नवख्या माणसाचं डोकं फिरतं. माझ्या मते त्यात दोनच गोष्टी बघाव्यात: नॉट, म्हणजे केसांचा जुडगा हँडलमध्ये बसतो तिथली त्याची जाडी, आणि लॉफ्ट, म्हणजे हँडलच्या वर केस किती लांब आहेत ते. लॉफ्ट जास्त असला की ब्रश लवचिक होतो, दाबल्यावर पसरतो, पाणी आणि साबण भरपूर धरतो. आखूड लॉफ्टचा ब्रश ताठ राहतो आणि गालावर चांगला रेटा देतो. म्हणून आधी स्वतःला विचारा, फेस वाटीत करणार की थेट गालावर? मी वाटीवाला, त्यामुळे लांब केसांचा १००४९ घेतला. इटलीतल्या न्हाव्यांच्या दुकानांत दिसतो तो याच घराण्यातला. गालावर फेस करणाऱ्याला हा सुरुवातीला लुळा वाटेल; त्याने आखूड आणि घट्ट मॉडेल बघावं.

केसांच्या मधोमध काळपट पट्टा असलेले ब्रशही दिसतात. तो पट्टा बॅजरची नक्कल म्हणून रंगवलेला असतो. दिसायला छान, फेसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. हँडलच्या बाबतीत मात्र मी प्लॅस्टिकच्या बाजूने आहे. रंगवलेलं लाकूड हातात सुरेख बसतं, पण आपल्याकडच्या बाथरूममध्ये, जिथे बादलीचं पाणी चारी बाजूंना उडतं, तिथे मला ते जपत बसायचं नाही.

आता वास. नवा ब्रश कोमट पाण्यात टाकला की ओल्या कुत्र्याचा वास येतो, आणि हे सगळ्याच कंपन्यांच्या ब्रशांचं आहे. पहिल्या दिवशी आईने बाहेरूनच विचारलं, “काय रे, आत कुणाला आंघोळ घालतोयस?” शाम्पूने दोनदा धुतला, मग साबणाचा दाट फेस करून रात्रभर तसाच ब्रशमध्ये राहू दिला आणि सकाळी धुतला. असं काही दिवस केल्यावर वास गेला.

वास परवडला, पण पहिल्या काही आठवड्यांत हा ब्रश फेस खातो, त्याचं काय! वाटीत भरपूर फेस दिसतो, पहिला हात छान फिरतो, आणि दुसऱ्या हाताला ब्रश गालावर टेकवावा तर आत काहीच नाही. कारण साधं आहे. हे केस स्वतःच पाणी पितात. नीट भिजलेले नसतील तर ते फेसातलं पाणी ओढून घेतात आणि फेस बसतो. म्हणून दाढीच्या आधी पाच-दहा मिनिटं ब्रश कोमट पाण्यात उभा ठेवायचा, पाणी फक्त केसांपर्यंत. कढत पाणी नको, त्याने केस खराब होतात आणि नॉट चिकटवलेला गोंदही सैल होऊ शकतो. मी आंघोळीचं पाणी तापत असताना ब्रश मगात टाकून ठेवतो, त्यामुळे वेगळा वेळ जात नाही. नायलॉनच्या ब्रशला यातलं काहीच लागत नाही, हे मान्य.

मग हळूहळू टोकं फाटायला लागतात. फाटणं हा शब्द ऐकून घाबरू नका, हवं असतं ते हेच. डुकराचा केस मुळाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो, आणि रोजच्या भिजण्या-वाळण्याने त्या शेंड्याला दोन-तीन फाटे फुटतात. कोरडा ब्रश खिडकीतल्या उजेडात धरला तर दिसतं: सुरुवातीला एकेक केस सुटा, टोकदार दिसायचा, आता वरचा भाग धुरकट, मऊ झालाय. बुडखा मात्र तेवढाच राठ आहे. म्हणजे गालाला लागतो तो मऊ भाग आणि वडीवर जोर देतो तो राठ भाग. नेमकं याचसाठी हा ब्रश घ्यायचा. आता भिजलेला ब्रश दोन झटके देऊन वडीवर अर्धा मिनिट फिरवला की केसांत दाट लेप भरतो. मग वाटीत पाण्याचे थेंब टाकत टाकत फेटायचं. पाणी घाईने ओतलं की मोठे बुडबुडे येतात आणि गालावर जाईपर्यंत फुटतात. वाटी तिरकी केली तरी न ओघळणारा, चमकदार फेस झाला की थांबायचं. तीन हात आरामात होतात, वर थोडा उरतोही.

फेस होत नाही म्हणून ब्रशला शिव्या देणाऱ्यांनी आधी नळाचं पाणी बघावं. आम्ही पुण्याजवळ वाघोलीकडे राहतो, इथे टँकर आणि बोअरचं पाणी कुणाला नवीन नाही. त्यातले क्षार साबणाशी लागून त्याचा साका करतात, तो वाटीच्या कडेला पांढरा चिकटून बसतो. हेच साबण आणि हाच ब्रश कोकणात गावी नेला तर विहिरीच्या पाण्यात निम्म्या मेहनतीत फेस येतो. घरी मी ब्रश भिजवायला नळाचं पाणी घेतो आणि फेटायला फिल्टरचं, जेमतेम दोन-तीन चमचे लागतं. त्यावरून घरात थोडी कुरबुर होते, होऊ दे. आठवड्यातून एकदा पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून ब्रश बुडवला की केसांवर बसलेला क्षार निघतो.

पावसाळ्यात मात्र या ब्रशने वैताग आणला. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत कोरडा होणारा ब्रश जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळी बुडख्याशी ओलाच. बंद बाथरूममध्ये ठेवला तर कुबट वास धरतो. उभा ठेवावा की उलटा टांगावा यावर लोक तावातावाने भांडतात. मला दोन्हीत फरक दिसला नाही, वारं लागलं म्हणजे झालं. नीट झटकून, टॉवेलवर पुसून खोलीत पंख्याखाली ठेवायचा. रोज दाढी करणाऱ्याने पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत, किंवा ते चार महिने सिंथेटिक वापरावा. सिंथेटिक काही तासांत वाळतो.

केस गळतात का? सुरुवातीला रोज एखाद-दुसरा गालावर सापडायचा, सगळ्याच नव्या ब्रशांत ते होतं. आता महिन्यात एखादा दिसला तर दिसला. मूठभर गळायला लागले तर मात्र ब्रश सरळ परत करावा.

मला हा हजाराच्या थोडा वर पडला. मागवताना आकडा पुन्हा वाचा, १००४८ आणि १००४९ शेजारीशेजारी दिसतात. प्रवासात मी हा ब्रश नेत नाही, ओला ब्रश बॅगेत कोंडायचा म्हणजे पुन्हा तो वास. तिथे जुना नायलॉन आणि क्रीमची ट्यूब.