एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर : खाडीकाठच्या गाडीवरचा अनुभव

गाडीच्या डॅशबोर्डवरील एबीएसचा (जोराने ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा का लागतो हे घरीच शोधता यावे, म्हणून मी गेल्या पावसाळ्यानंतर हातात मावेल एवढा एक स्कॅनर विकत घेतला. इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग आणि एबीएस अशा चार यंत्रणांचे कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक, तो वाचतो आणि मला तो सहा हजार रुपयांच्या आसपास पडला. याच घडणीची यंत्रे बाजारात अनेक नावांनी मिळतात. त्यामुळे नावापेक्षा त्याने काय दाखवले आणि कोठे हात टेकले, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आमचे घर रत्नागिरीजवळ भाट्ये येथे आहे. गाडी बाराही महिने अंगणात उभी असते आणि समुद्राचा खारा वारा तिला थेट लागतो. मागच्या श्रावणापासून एक विचित्र गोष्ट घडू लागली. गाडी थांबत येऊन वेग दहाच्या खाली उतरला की ब्रेकचे पॅडल पायाखाली थरथरायचे आणि पुढच्या बाजूने कर्रर्र असा आवाज यायचा. रस्ता कोरडा असे, पाय हलका असे, चाक घसरावे असे काहीही कारण नसे. पुढे दिवाही कायमचा लागला. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा कोणतीही तपासणी न करता एबीएसचे संपूर्ण मॉड्यूल बदलावे लागेल असे सांगण्यात आले आणि खर्च चाळीस हजारांच्या घरात जाईल असा अंदाज दिला गेला. ते मला पटले नाही.

त्याआधी माझ्याकडे मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा एक स्वस्त प्लग होता. तो गाडीत काहीही दोष नाही असे सांगत राहिला, कारण तो फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचत होता. एबीएसचे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि ते वाचण्यासाठी स्कॅनरला त्या गाडीच्या कंपनीच्या एबीएस कंट्रोलरशी, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी, बोलता यावे लागते. खरेदी करताना हा फरक विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. म्हणून आपल्या गाडीचे मॉडेल आणि साल सांगून, एबीएस वाचले जाते का, हे आधीच स्पष्ट विचारून घ्यावे.

नवा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला जोडला. त्याने गाडी आपोआप ओळखली नाही. भारतात विकले जाणारे मॉडेल यादीत नव्हते, म्हणून त्याच कंपनीचे जवळचे परदेशी मॉडेल हाताने निवडावे लागले. त्यानंतर सी-००३५ हा कोड आला: पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचे सर्किट. येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेतील व्हिडिओंमध्ये याच चाकाला ‘ड्रायव्हरच्या बाजूचे’ म्हणतात, कारण तेथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे ते शेजारच्या सीटच्या बाजूचे चाक होते.

मात्र कोड चाक सांगतो, बिघडलेला भाग सांगत नाही. या यंत्राची खरी किंमत त्याच्या लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे गाडी चालू असताना सेन्सरकडून येणारे आकडे दाखवणाऱ्या पानात आहे, आणि केवळ कोड वाचून सेन्सर मागवणाऱ्यांनी हे पान आधी पाहावे असे मी आग्रहाने म्हणेन. पावसच्या रस्त्यावर सकाळी वर्दळ नसताना पुतण्या गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून चारही चाकांच्या वेगाचे आकडे पाहत होतो. तीसला चारही आकडे जुळत होते. वेग कमी करत आणला तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, आता बारावर आहे,” आणि पडद्यावर तीन चाके बारा दाखवत असताना डावे पुढचे चाक सात, मग थेट शून्य दाखवू लागले. म्हणजे चाक फिरत होते, पण कंट्रोलरला ते अडकल्यासारखे वाटत होते. म्हणून तो त्या चाकाचा ब्रेक सोडत होता आणि पॅडल थरथरत होते.

माझ्या गाडीतील सेन्सर जुन्या पद्धतीचा, म्हणजे चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला आहे. दात्यांची रिंग त्याच्यासमोरून फिरली की वीज निर्माण होते. चाक सावकाश फिरले की ती क्षीण होते, आणि त्यात सेन्सर व रिंग यांच्यातील अंतर वाढले तर संकेत पुरताच हरवतो. मल्टिमीटरवर सेन्सरचा रोध सुमारे अकराशे ओहम आला. अशा सेन्सरमध्ये साधारण आठशे ते दोन हजार ओहम योग्य मानतात. वायर हलवूनही आकडा ढळला नाही, म्हणजे सेन्सर आणि वायरिंग दोन्ही शाबूत होते. (नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक सेन्सर मात्र ओहमवर तपासू नये, तो बिघडू शकतो.)

सेन्सरचा एकच बोल्ट होता, पण तो गंजाने इतका धरला होता की गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी सेन्सर बाहेर काढला तेव्हा त्याच्या बैठकीवर, म्हणजे तो बसतो त्या जागेवर, गंजाचा जाड, फुगलेला पापुद्रा दिसला. नखाने खरवडला तर तांबूस खपल्या हातात आल्या. त्या पापुद्र्याने सेन्सर रिंगपासून दूर उचलून धरला होता, आणि टोकावर लोखंडाचा बारीक चुरा केसांसारखा उभा राहिला होता. बैठक पॉलिश पेपरने घासून काढली, रिंगचे दाते तुटलेले नाहीत ना हे चाक हाताने फिरवून पाहिले, टोक पुसले आणि सेन्सर परत बसवला. कोड पुसल्यानंतर गाडी थोडी चालवली आणि दिवा विझला. पॅडलची थरथरही गेली.

हे काम करताना गाडी केवळ जॅकवर ठेवू नये. खाली स्टँड हवा आणि टेकलेल्या चाकांना लाकडी ठोकळे हवेत. एकटा पिवळा दिवा असेल तर नेहमीचे ब्रेक लागतात, फक्त जोराने दाबल्यावर चाके अडकून घसरू शकतात. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर स्कॅनर बाजूला ठेवून आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि गाडी मुळीच चालवू नये. आंबा घाट उतरायचा असेल तर हा नियम कोणीही मोडू नये.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. उन्हात पडदा दिसत नाही, केबल आखूड आहे, अपडेटसाठी संगणक लागतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे माझ्या गाडीत तो एबीएसची मोटर चालवून पाहू शकत नाही आणि एबीएस युनिटमधील हवा काढण्याची प्रक्रियाही करत नाही. ती कामे कंपनीच्या यंत्रावरच होतात. तरीही किनाऱ्याजवळ राहणाऱ्या आणि जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्या माणसाने, दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून का होईना, तो घ्यावा असे माझे मत आहे. गेल्या आठवड्यात उजव्या पुढच्या चाकाचा आकडा पंधराच्या खाली एक-दोनने मागे पडताना दिसला. दिवा अजून लागलेला नाही, पण तिकडची बैठक मी पाऊस सुरू होण्याआधी घासून काढणार आहे.