निकेलवाला अ‍ॅनोड की सिरॅमिकवाला?

एसओएफसीवर, म्हणजे इंधनापासून थेट वीज करणाऱ्या, भट्टीइतक्या गरम सिरॅमिक इंधनघटावर (सेलवर) काम करतो म्हटलं, की इंधनाच्या बाजूचा इलेक्ट्रोड, म्हणजे अ‍ॅनोड, कशाचा घ्यायचा की हा प्रश्न येतोच, तर माझं मत सांगतो. निकेल-वायएसझेड (निकेल आणि झिर्कोनिया सिरॅमिकचं मिश्रण) म्हणजे जुना भरवशाचा गडी, स्वस्त, वीज झकास वाहते, हायड्रोजन दिलात तर तक्रार नाही. पण मुंबईत घरोघरी येतो तो पाइप गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि गळती कळावी म्हणून त्यात जो घाण वास मिसळतात ना त्यात सल्फर असतं, निकेलला हे दोन्ही सोसत नाही, मिथेनने काजळी धरते आणि सल्फर तर अगदी थोडं असलं तरी पृष्ठभागावर चिकटून बसतं.

आणि मुख्य दुखणं वेगळंच. एकदा रात्री सिलिंडर संपला, भट्टी गरमच, हवा आत शिरली, सकाळी येऊन बघतो तर सेलची करडी चकती परत निकेल ऑक्साइडसारखी हिरवट झालेली आणि मधोमध केसासारखी चीर. निकेलचं ऑक्साइड झालं की आकारमान जवळपास ७० टक्के वाढतं, मग त्याला चिकटलेला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला पातळ सिरॅमिक थर, तडकणारच हो!

सिरॅमिकवाला म्हणजे एलएससीएम, लँथनम-स्ट्रॉन्शियम-क्रोमियम-मँगनीजचं पेरोव्हस्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचं ऑक्साइड), २००३ मध्ये ताओ आणि अर्व्हाइन या संशोधकांनी दाखवलं, ते असले हवा-गॅसचे हेलकावे सहन करतं, काजळीही कमी धरते. पण वीज वाहण्यात मार खातं, ९०० अंशांना हायड्रोजनमध्ये जेमतेम १.५ सीमेन्स प्रति सेंटिमीटर, निकेलवालं शेकड्यांत. शिवाय मिथेन तोडायलाही आळशी, म्हणून लोक त्यात सिरिया (सेरियमचं ऑक्साइड) नाहीतर थोडं पॅलेडियम घालतात.

मी सध्या सिरॅमिकच्याच बाजूने, पण शुद्ध हायड्रोजन मिळत असेल तर उगाच कशाला डोकं फोडायचं, निकेल लावा.