ब्राउनिंगचं ऑडिओबुक: आवाज भारी, साउंड इफेक्ट आवरा

व्हिक्टोरियन ड्रॅमॅटिक मोनोलॉग्जचं (म्हणजे एकच पात्र बोलतं, बाकीचं आपण ताडायचं, अशा कविता) ऑडिओबुक घेतलं, बहुतेक इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि तोंडी लावायला टेनिसनची 'युलिसिस'. पाचपैकी साडेतीन स्टार.

वाचणाऱ्याला कुठे थांबायचं नाही हे बरोब्बर कळलंय. 'माय लास्ट डचेस' (१८४२) मधे ५६ ओळी, दोन-दोन ओळींचं यमक, पण वाक्य ओळीच्या शेवटी थांबतच नाही, सरळ पुढच्या ओळीत घुसतं, त्यामुळे नीट वाचलं तर यमक कानाला लागतही नाही, माणूस आपला सहज बोलतोय असंच वाटतं. हेल काढून म्हटली की संपली कविता. इथे तसं झालेलं नाही.

आता तक्रार. याच कवितेत इटलीतल्या फेराराचा ड्यूक मेलेल्या बायकोचं चित्र पाहुण्याला दाखवतोय, आणि हा पाहुणा याच्याच पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला काउंटचा माणूस. ती सगळ्यांकडेच बघून हसायची, माझं नऊशे वर्षांचं नाव आणि कोणीतरी आणून दिलेली चेरीची फांदी तिला सारखीच, हे याचं दुखणं. मग मी हुकूम दिले, हसणं थांबलं, एवढंच बोलतो आणि जरा वेळात हुंड्यावर येतो. नेमकं तिथे यांनी पाहुण्याचा दचकल्याचा आवाज टाकलाय! अहो, त्याने तोंड उघडायचं नाही हाच तर सगळा खेळ आहे ना, तो घाबरला की मुकाट मान डोलावली ते ड्यूकच्या बोलण्यावरून आपण ताडायचं. हुकूम कसले होते हे ब्राउनिंगला कोणीतरी विचारलं तर आधी म्हणाला मारून टाकायचे, मग म्हणाला, किंवा मठात डांबलंही असेल. कवीच पक्कं सांगत नाही आणि हे मागे धडाम धुडूम म्युझिक लावून मोकळे.

'पॉर्फिरियाज लव्हर' मात्र नुसत्या आवाजावर सोडलीय, कवितेत वादळ-पाऊस असूनही एक थेंब ऐकू येत नाही, आणि तीच सगळ्यात जमलीय. पॉर्फिरियाच्याच केसांनी तिचा गळा आवळतानाही प्रियकराचा आवाज तसाच, शांत, जरासा खूशच. रात्री हेडफोन लावून ऐकू नका.

'फ्रा लिप्पो लिप्पी' लांबलीय, मी मधेच स्पीड वाढवला.

दिवाकरांच्या नाट्यछटा आवडत असतील तर घ्याच, त्यांनी हा प्रकार ब्राउनिंगवरूनच उचलला होता. फक्त सेल लागेपर्यंत थांबा, पूर्ण किमतीत नको.