माझ्याच तोंडून तारीख काढून घेतली: डोकेदुखीच्या वैद्याला गेलेले १,२४,६०० रुपये

आधी हिशेब मांडतो. तपासणीचे ५००, पहिल्या कोर्सचे १८,६००, दुसऱ्या कोर्सचे ६४,०००, मशीनचे ४१,५००. एकूण १,२४,६०० रुपये. पक्की पावती यातल्या एकाचीही नाही. फोनपेच्या नोंदी आणि पिवळ्या कार्डावर पेनाने लिहिलेले आकडे, एवढंच हातात आहे.

मी बेळगावचा. उद्यमबागेत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकून जॉबवर्क करतो. माप जरा चुकलं की पार्टी माल परत पाठवते, त्यामुळे मोजल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही सवय वीस वर्षांची. तरी फसलो. घरचे म्हणतात, झालं ते झालं, गावभर कशाला करतोस? करतोय, कारण त्या वैद्याने काढलेला माझा व्हिडिओ अजून फिरतोय आणि त्यात मी हसत हसत सांगतोय की मला पूर्ण गुण आला.

मला २०१८ पासून क्लस्टर हेडेक आहे. हे नाव मला २०२४ मध्ये कळलं, तोवर सगळे अर्धशिशीच म्हणायचे. अर्धशिशीचा माणूस अंधार करून पडून राहतो. मला पडवत नाही, बसवत नाही, नुसत्या येरझाऱ्या. रात्री दीडला उजव्या डोळ्यामागे सुरू होतं. डोळ्याच्या खोबणीत ड्रिल लावून कुणी हळूहळू फीड देत जावं, तसं. उजव्या डोळ्यातून पाणी, उजवी नाकपुडी बंद, उजवी पापणी खाली आलेली. डाव्या बाजूला काही म्हणजे काही नाही. तास-सव्वा तासाने थांबतं, पहाटे परत येतं. दरवर्षी नवरात्राच्या आसपास उगवतं, सात-आठ आठवडे राहतं आणि आपलं आपण निघून जातं. मग दहा महिने नाव नाही. हे शेवटचं ध्यानात ठेवा, माझे पैसे तिथंच गेले.

सहा वर्षांत काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. एक चांगली दाढ काढून घेतली, सायनसच्या गोळ्या खाल्ल्या, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, आईने सौंदत्तीच्या यल्लमाला नवस बोलला. साधी दुखीची गोळी तर निरुपयोगीच, ती पोटात विरघळेपर्यंत दुखणं आपला कार्यक्रम उरकून जातं.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी त्यातली एक रात्र माझ्या घरी काढावी. २०२३ च्या दिवाळीत मी मधल्या खोलीच्या चौकटीवर कपाळ आपटत होतो. बायको बर्फाचा टॉवेल घेऊन मागे उभी होती. आणि आठवीतली मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, शेजारच्या काकांना बोलवू काय?" तिला वाटलं मी जिवाचं काही करून घेतोय. इंग्रजीत या दुखण्याला आत्महत्येच्या नावानेच ओळखतात, हे मला नंतर कळलं. त्या रात्री कुणी दोन लाख मागितले असते तरी मी दिले असते.

बहिणीच्या दिराने त्या वैद्याचा पत्ता दिला. वेंगुर्ला रोडने गेलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो, तिथून आणखी आत. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार. दुपारी वर्ल्ड कपची फायनल होती म्हणून सकाळीच निघालो. बाहेर तीसेक माणसं बसलेली, निम्म्या गाड्या आमच्या केए २२ नंबरच्या. आत गेलो तर त्याने मला चाळीस मिनिटं दिली. मराठीत. आमच्याकडे इस्पितळाच्या खिडकीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत कन्नड नाहीतर इंग्रजी, डॉक्टरांना चार मिनिटांची सवड नाही. हा माणूस माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पावणं, लई सोसलंयसा. सीमाभागातली माणसं आपलीच, तुमच्यासाठी २० टक्के कमी करतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्यासुद्धा.

आता तो क्षण. दीड वर्ष झालं, अजून रात्री जाग आली की तोच आठवतो. त्याने लाल डायरी उघडली आणि विचारलं, "यंदा कधी चालू झालं?" मी म्हटलं, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. "म्हणजे पाच आठवडे झाले. दरसाली किती दिवस राहतंय?" सात-आठ आठवडे. "नक्की?" म्हटलं, नक्की, कधी आठाच्या वर गेलं नाही. त्याने बोटांवर मोजलं. माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत मोजलं. डायरीत लिहिलं, मिटली आणि म्हणाला, "एकवीस दिवसांत बंद. नाही झालं तर पैसे परत."

पाच आणि तीन आठ. पहिलीतल्या पोराला येणारी बेरीज. मायक्रोमीटर वाचणाऱ्या मला ती आली नाही. मी स्वतः त्याला तारीख दिली आणि तीच तारीख १८,६०० रुपयांना विकत घेतली.

मिळालं काय, तर बटर पेपरच्या काळ्या पुड्या आणि नाकात सोडायचं तेल. त्यावर ना कंपनी, ना लायसन्स नंबर, ना तयार केल्याची तारीख. लेबल नसलेलं औषध कुणीही, कितीही प्रेमाने दिलं तरी पोटात घालू नका.

८ डिसेंबरला रात्री झोपलो ते सकाळी सहालाच जाग आली. नववी, दहावी, अकरावी तारीखही कोरडी गेली. दोन किलो कुंदा घेऊन मी त्याच्याकडे गेलो, पाया पडलो, आणि त्याने समोर मोबाईल धरला तेव्हा नाव, गाव, धंदा सगळं सांगून बोललो. तो व्हिडिओ बघून यळ्ळूरच्या एक वहिनी आणि माझ्याच शेडमधला एक पोरगा तिथे गेले. त्यांचे पैसे वरच्या बेरजेत नाहीत. त्या वहिनी आता रस्त्यात भेटल्या तर मान फिरवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग तो म्हणाला, झाड तोडलंय, मूळ आत आहे. सहा महिन्यांचा कोर्स, ६४,०००. त्यात बायकोची भिशी गेली. जानेवारी ते जून २०२४ एकदाही दुखलं नाही. दुखणार कसं? ते दुखण्याचे महिनेच नव्हते!

ऑक्टोबर २०२४, नवरात्राची तिसरी माळ, रात्री दीड. सुरू. सकाळी फोन केला तर पहिलं वाक्य, "पथ्य मोडलंसा. वांगं खाल्लं असणार." बायको दोन दिवस रडत होती की वाढदिवसाला भरीत मीच केलं होतं. तिच्या त्या दोन दिवसांचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. वांग्याचा काही संबंध नाही. दुखण्याचे आठवडे चालू असताना दारू मात्र नक्की उठवते. रविवारी मित्राकडे अर्धी बाटली बिअर घेतली आणि तासाच्या आत मी त्यांच्या गच्चीवर फेऱ्या मारत होतो. एरवीच्या महिन्यांत तेवढीच घेतली तर काही होत नाही. दुपारची डुलकी मलाही नडते, हे मी वहीत वेळा लिहून शोधलं. छातीत दुखताना जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेटच्या गोळीनेही हे उठतं. पण तुम्हाला ती चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मोबाईलवर वाचलं की यावर ऑक्सिजन लागू पडतो, आणि तेही मीच त्याला सांगितलं. दुसऱ्यांदा मीच. "आहे की आमच्याकडे मशीन," म्हणाला. पैसे भलत्याच नावाच्या खात्यात मागितले, लांबच्या शहरातल्या. तेव्हाच हात थांबायला हवा होता, पण आदल्या रात्री तीनदा आलं होतं. ४१,५०० पाठवले. आलं ते वापरलेलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, कंपनीचं स्टिकर खरवडलेलं, बाजूला चिकटपट्टीवर लिहिलेलं 'बेड ७'. कोरोनातलं कुठल्या तरी वॉर्डातलं. मिनिटाला पाच लिटर, नाकात नळी. रात्रभर लावून बसलो, काडीचा फरक नाही.

नोव्हेंबरात शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि नाव सांगितलं. एमआरआय काढायला लावला, दुसरं काही नाही ना हे बघायला. ऑक्सिजन खराच लागू पडतो, पण शुद्ध आणि जोराचा: मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवीचा मास्क, १५-२० मिनिटं, दुखणं सुरू झाल्याबरोबर. २००९ साली छापून आलेल्या एका चाचणीत १२ लिटरच्या ऑक्सिजनने १०० पैकी ७८ वेळा पंधरा मिनिटांत आराम पडला होता, साध्या हवेने २० वेळा. पाच लिटरच्या मशीनवर हे होत नाही. माझा हिशेब असा: १२ गुणिले १५ म्हणजे एका वेळेला १८० लिटर, दीड हजार लिटरचा लहान सिलिंडर साधारण आठ वेळा पुरतो. सिलिंडर मेडिकलचाच, चिठ्ठीवर. आमच्या शेजारच्या शेडमध्ये गॅसकटिंगचे सिलिंडर उभे असतात, ते चुकूनही नाही. जवळ शेगडी, उदबत्ती, सिगारेट चालणार नाही. त्याशिवाय सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन असतं, कातडीखाली घ्यायचं, हृदयविकार असलेल्यांना ते देत नाहीत. आणि दुखणं उठूच नये म्हणून रोजची व्हेरापामिलची गोळी, डोस वाढवताना ईसीजी काढून. मुळासकट उपटणारं औषध नाही, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. जो 'कायमचं बंद' म्हणतो त्याच्यासमोरून उठा.

मास्क लावला त्या पहिल्या रात्री अकरा मिनिटांत डोळा मोकळा झाला. बायको घड्याळ धरून बसली होती.

आता तक्रारीचं. बेळगावातल्या पोलीस ठाण्यात गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज परत दिला, कन्नडमधून आणा म्हणाले. टायपिस्टला ३०० रुपये देऊन आणला. "साहेब्रु इल्ला, नाळे बन्नी." म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. चार वेळा 'नाळे' झालं. पाचव्या वेळी साहेब भेटले, म्हणाले तो माणूस महाराष्ट्रात, आम्ही काय करणार? महाराष्ट्रातल्या ठाण्यात गेलो तर तिथला हवालदार म्हणाला, पैसे तुम्ही कर्नाटकात बसून पाठवलेत, गुन्हा तिकडचा. वर हेही ऐकवलं, "औषध घेतलंत, बरं वाटलं, व्हिडिओपण दिलात. मग फसवणूक कुठली?" हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. मी कागद काढून दाखवला तर "आम्हाला कायदा शिकवू नका". आरोग्य खात्याच्या एका कचेरीने दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्या राज्यातल्या कचेरीत अर्जाची पोच द्यायलाही कुणी तयार नव्हतं. बँकेत गेलो तर, "तुम्हीच पिन टाकलात ना?"

१९५६ पासून आम्ही या हद्दीचं सोसतोय. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. दोन्हीकडचे पुढारी आमच्या नावाने भाषणं करतात, दोन्हीकडची माणसं निवडणुकीला आमच्या दारात येतात. आणि आमच्यातला एक जण लुबाडला गेला तर दोन्हीकडच्या टेबलांवर तो पलीकडचा! त्या वैद्याने दुकान हद्दीपलीकडे उगीच नाही टाकलेलं. माझे अकरा हेलपाटे झाले, अकरा दिवस लेथ बंद.

१९३० हा ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर मी मशीनचे पैसे गेल्यावर सत्तावीस दिवसांनी लावला. तोवर खातं रिकामं होतं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर अडवता आले असते. शेवटी ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही. तारखा चालू आहेत. पुड्या, कार्ड, मशीन, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही काही फेकू नका, रागाने तर मुळीच नाही.

व्हिडिओ काढून टाक म्हणून त्याला तीन मेसेज केले. तिसऱ्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

गेल्या मंगळवारी निपाणीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. नंबर कुठून तरी मिळवला होता. "दादा, तुमचा व्हिडिओ बघितला. खरंच गुण आला काय?" मागे कुणीतरी कण्हत होतं, त्यांचा भाऊ. मी उत्तर दिलं नाही, आधी विचारलं, यंदा किती आठवडे झाले? म्हणाले, सहा. दरवर्षी किती राहतं? आठ. वैद्याने किती दिवस सांगितलेत?

"पंधरा."

पैसे कधी भरलेत विचारलं तर म्हणाले, आत्ताच, अर्धा तास झाला. मी म्हटलं, माझा फोन ठेवा आणि आधी १९३० लावा.