फ्रॅटर्निटी मेंबरशिप, ४१०० डॉलर, साडेतीन वर्षं: करिअरसाठी वर्थ आहे का?

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी तीन. (फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या पोरांचा फी भरून चालणारा क्लब, स्वतःचं घर असतं आणि मेंबर एकमेकांना "ब्रदर" म्हणतात.) अमेरिकन पासपोर्ट असता तर चार दिले असते. मजा किती आली याचे वेगळे स्टार द्यायचे असतील तर पाच देईन, पण ते इथे धरत नाहीये, कारण रशच्या (नवीन मेंबर निवडतात त्या मोसमाच्या) वेळी मला ही मेंबरशिप मजा म्हणून विकलीच नव्हती. "ब्रदरहुड" म्हणून झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात "अल्युमनी नेटवर्क" (म्हणजे जुन्या मेंबरांच्या ओळखी) आलं होतं, आणि मी कर्ज काढून एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) इंजिनियरिंगला आलेला पोरगा, मला फक्त ते दुसरं वाक्यच ऐकू आलं.

मिडवेस्टमधली मोठी स्टेट युनिव्हर्सिटी. चॅप्टरचं (फ्रॅटर्निटीच्या आमच्या कॅम्पसवरच्या शाखेचं) नाव घेत नाही, पोरं चांगली आहेत आणि खाली तक्रारी पण आहेत. फर्स्ट इयरच्या स्प्रिंगला बिड, म्हणजे मेंबर व्हायचं आमंत्रण, मिळालं. न्यू मेंबर फी एकदाच ३५० डॉलर, मग दर सेमिस्टरला ६०० ड्यूज. आईला फोनवर सांगितलं तर तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे वर्गणी का रे? आणि गणपती कुठेय?" तेव्हापासून मी ड्यूजला वर्गणीच म्हणतो. सहा सेमिस्टर पूर्ण वर्गणी, एक सेमिस्टर स्पेनला होतो तेव्हा १५०, वरचे ३५०, असे मिळून ४१००. टी-शर्ट, फॉर्मल, रोड ट्रिप वगैरे धरलं नाही, ते धरलं तर मलाच वाईट वाटेल.

आता समर जॉब. आमच्या फ्रॅटच्या घरातल्या पोरांचे पहिल्या उन्हाळ्याचे जॉब बघितले तर हसू येईल, कोणी पूलवर लाइफगार्ड, कोणी घरं रंगवतंय, कोणी लॉन कापतंय, दोघं सामान हलवायच्या ट्रकवर, एक गोल्फ क्लबवर कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारा. (कॅडीला हसू नका, इव्हान्स स्कॉलर्स म्हणून १९३० पासून खास कॅडी पोरांसाठी स्कॉलरशिप चालू आहे, ट्यूशन आणि राहणं दोन्ही, आणि काही युनिव्हर्सिट्यांमध्ये त्यांचं स्वतःचं घर असतं जे बाहेरून अगदी फ्रॅटसारखंच दिसतं.) हे जॉब मिळायचे कसे तर ग्रुपचॅटवर मेसेज पडायचा, माझ्या काकाला तीन जण हवेत, शुक्रवारपासून. वीस मिनिटांत तिघं भरलेले. ना रिझ्युमे, ना इंटरव्ह्यू. इथे ही सर्व्हिस खरंच जबरदस्त आहे, हे मान्य करावंच लागेल.

फक्त माझ्या कामाची शून्य. एफ-१ वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर एक तास जरी काम केलं तरी स्टेटस जातं, आणि कोणाच्या काकाकडे घराला रंग मारणं हा काही तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग होत नाही. कॅम्पसवर मात्र चालतं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास आणि सुट्टीत फुल टाइम. म्हणून मी उन्हाळाभर डॉर्ममध्ये समर कॅम्पवाल्या शाळकरी पोरांसाठी गाद्या बदलायचं काम केलं. त्या गाद्यांना निळं रबरी प्लॅस्टिकचं कव्हर असतं, जुलैमध्ये एसी बंद असलेल्या मजल्यावर ते घामाने हाताला असं चिकटतं की गादी ठेवली तरी कोपराशी ओढ बसते. ताशी ११ डॉलर.

पहिल्या आठवड्याचे ४४० यायला हवेत, त्यातून नेहमीच्या टॅक्सव्यतिरिक्त ३३ डॉलर ६६ सेंट सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीची पेन्शन आणि आरोग्य विमा) कापलेले. घरातल्या ब्रदरांना विचारलं तर म्हणे सगळ्यांचेच कापतात, वेलकम टू अमेरिका. पण सगळ्यांचे कापतात आणि माझे कापायचे नव्हते! एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं आपण टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट असतो, त्या काळात हे ७.६५ टक्के लागतच नाहीत. पेरोलवाल्यांना दोन इमेल, एक चक्कर, मग परत मिळाले. त्यांनी दिले नसते तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे) ८४३ नंबरचा फॉर्म भरून मागता येतात. हे मला ऐंशी ब्रदरांपैकी कोणी सांगू शकला नाही, लायब्ररीत भेटलेल्या एका तेलुगू पीएचडीवाल्या दादाने सांगितलं, फुकटात. त्यानेच हेही सांगितलं की टॅक्स रिटर्न भरताना भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका टॅक्स ट्रीटीमुळे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून ठरलेली सरसकट वजावट) घेता येतं, जे बाकीच्या बहुतेक देशांच्या पोरांना मिळत नाही. म्हणजे वर्गणी एकीकडे आणि प्रसाद दुसरीकडे.

आता ते प्रसिद्ध अल्युमनी नेटवर्क. होमकमिंगला (जुने विद्यार्थी कॅम्पसवर परत येतात तो वीकेंड) हे लोक येतात, टेलगेट म्हणजे मॅचआधीची पार्किंगमधली पार्टी असते, हातात बर्गर, सगळे एकदम प्रेमळ. एक काका (पन्नाशीचे असतील, शिकागोजवळ लॉजिस्टिक्सची छोटी कंपनी) माझ्याशी पंधरा मिनिटं बोलले, माझा मेजर इंडस्ट्रियल इंजिनियरिंग ऐकून खूश झाले आणि म्हणाले मे महिन्यात ये, सोमवारपासून सुरू कर. मी उडालोच. मग मी त्यांना सीपीटी (एफ-१ वाल्याला शिकताना इंटर्नशिप करायची परवानगी) समजावून सांगायला लागलो, की ऑफर लेटर लागेल, त्यात तारखा, तास, कामाचं स्वरूप लागेल, ते माझ्या डिपार्टमेंटला अभ्यासाशी जोडलेलं वाटलं पाहिजे, मग एक क्रेडिटचा इंटर्नशिप कोर्स घ्यावा लागेल, मग युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस नवीन आय-२० (एफ-१ चा मुख्य कागद) देईल ज्यावर कंपनीचं नाव छापलेलं असेल, आणि त्याआधी मी तुमच्या ऑफिसात पाऊलही टाकू शकत नाही. काकांचा चेहरा टप्प्याटप्प्याने बदलत गेला, आय-२० पर्यंत पोचलो तोवर ते बर्गरकडे बघत होते. "पेपरवर्क झालं की कळव" म्हणाले. पेपरवर्क त्यांच्या लेटरशिवाय सुरूच होत नाही, लेटरसाठी मी तीन इमेल केले, आणि मेमध्ये त्या खुर्चीवर आमच्याच घरातला दुसरा पोरगा बसला. त्याचा राग नाही, काकांचाही नाही खरं तर, छोट्या कंपनीवाल्याला हे लफडं कशाला हवंय. पण मग नेटवर्क विकताना तेवढं सांगा ना राव. तो उन्हाळा मी एका प्रोफेसरच्या लॅबमध्ये काढला.

मग तीन स्टार कशाचे दिले? दोन गोष्टींचे.

पहिली म्हणजे माझा बिग. बिग म्हणजे तुम्ही नवीन असताना तुम्हाला नेमून दिलेला सीनियर, मोठा भाऊ टाइप. तो माझ्यापेक्षा एकच वर्ष पुढे, त्याच मेजरचा, पॅकेजिंग बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये नुकतीच इंटर्नशिप करून आलेला. त्याने बेसमेंटमध्ये पिंगपाँगच्या टेबलाशी माझा मॉक इंटरव्ह्यू घेतला, वर शर्ट-टाय आणि खाली बास्केटबॉलची चड्डी, कार्पेटला शनिवारच्या बियरचा वास, आणि माणूस मात्र एकदम सिरियस. माझ्या प्रत्येक उत्तराला "आम्ही" ऐकलं की टेबलावर बॅट आपटायचा, कारण ग्रुप प्रोजेक्टचं बोलताना मी सारखं आम्ही केलं, आम्ही ठरवलं म्हणत होतो आणि समोरच्याला कळतच नव्हतं की मी स्वतः काय केलं. आपल्याकडे मी-मी करणं वाईट दिसतं, तिथे नाही केलं तर तू काहीच केलं नाहीस असं धरतात. ती बॅट आपटून आपटून माझं "आम्ही" सुटलं. शिवाय करिअर फेअरला त्या कंपनीच्या बूथवर दोन जण असतात आणि त्यातल्या कोणाकडे जायचं, रिझ्युमे नुसता दिला तर काय होतं आणि ऑनलाइन भरून मग दिला तर काय होतं, हे सगळं त्याला माहिती होतं. एक वर्ष पुढे असलेल्या माणसाची माहिती ताजी असते, तीस वर्षं पुढे असलेल्याकडे फक्त आठवणी असतात. एक व्हाइस प्रेसिडेंट अल्युमनी माझ्याशी फोनवर अर्धा तास बोलले, "काही मदत लागली तर सांग" म्हणाले, सांगितली, पुढे शांतता.

दुसरी गोष्ट म्हणजे खजिनदारपद, जे कोणालाच नको होतं म्हणून सेकंड इयरला माझ्या गळ्यात पडलं. ऐंशी पोरं गुणिले ६०० म्हणजे सेमिस्टरला ४८ हजार, वर्षाला ९६ हजार डॉलर, आणि ते वसूल करायला एकोणीस वर्षांचा मी. नॅशनल ऑफिसला किती, इन्शुरन्सला किती, घराच्या दुरुस्तीला किती, सगळं आधी ठरलेलं, आणि पोरं मात्र व्हेन्मोवर (पैसे पाठवायचं ॲप) पिझ्झाचे आठ डॉलर दोन मिनिटांत पाठवतात नि ड्यूजचं नाव काढलं की फोन सायलेंट. मी रात्री अकराला लोकांच्या खोलीचं दार वाजवलंय. शेवटी हप्ते पाडून दिले आणि किचनच्या फ्रिजवर नावाशिवाय नुसता आकडा लावायला लागलो, आज बाकी इतके हजार. नाव नसल्यामुळे कोणाचा अपमान नाही, पण दूध काढायला गेलं की दिसतंच. दोन महिन्यांत ११ हजारांची बाकी १४०० वर आली.

थर्ड इयरच्या फॉलला त्याच पॅकेजिंग कंपनीचा इंटरव्ह्यू झाला, तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्या लॅबबद्दल एक प्रश्न विचारला आणि पुढची वीस मिनिटं त्या फ्रिजबद्दल. इंटर्नशिप मिळाली. मोठी कंपनी, एचआरला सीपीटी माहिती, लेटर चार दिवसांत.

स्टडी अब्रॉडचं थोडं सांगतो. थर्ड इयरच्या स्प्रिंगला आम्ही चौघं माद्रिदला गेलो. चॅप्टर म्हणतो आम्ही स्टडी अब्रॉडला फुल सपोर्ट करतो, सपोर्ट म्हणजे वर्गणी १५० केली, बाकी घराचं काँट्रॅक्ट ऑगस्ट ते मे आणि तुमच्या जागी सबलेटर (पोटभाडेकरू) तुम्हीच शोधायचा, तोही मेंबरच पाहिजे. दोन महिन्यांचं भाडं माझ्या अंगावर पडलं. मुक्काम ९० दिवसांच्या वर असल्यामुळे स्पेनचा स्टुडंट व्हिसा चौघांनाही लागला, पण त्या तिघांना अमेरिकेत परत शिरायची चिंता नव्हती आणि मला होती, एफ-१ चा शिक्का चालू आहे ना, आय-२० वर ट्रॅव्हलची सही ताजी आहे ना, आणि युनिव्हर्सिटीने मला फुल टाइम एनरोल्ड दाखवलंय ना म्हणजे सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड चालू राहील. जाण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात दोनदा बसा, फ्रॅटच्या कोणाला विचारू नका. आमच्यातल्या एकाला स्टडी अब्रॉडसाठीची गिलमन स्कॉलरशिप मिळाली होती, चांगली आहे पण ती पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत) मिळणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी, आपल्याला नाही.

आणि जाणार असाल तर इंटर्नशिप आधी खिशात टाका. माझा रूममेट न टाकता आला होता. शिकागोत दुपारचे चार म्हणजे माद्रिदला रात्रीचे अकरा, आणि वायफाय धड फक्त लाँड्री रूममध्ये. बिचारा ब्लेझर घालून ड्रायरला टेकून बसलेला, मी बाहेर पहारा देतोय कोणी कपडे घेऊन येऊ नये म्हणून, आणि "तुझी सगळ्यात मोठी कमजोरी काय" ला ड्रायर संपून पीं पीं पीं करायला लागला. त्याला तो जॉब नाही मिळाला. नंतर ग्रुपचॅटवरून कोणाच्या तरी काकाच्या इन्शुरन्स एजन्सीत लागला आणि आज तिथेच सेल्समध्ये माझ्यापेक्षा जास्त कमावतो. आमच्या घरातले निम्मे सेल्समध्येच गेलेत, साहजिक आहे, तीन वर्षं रशमध्ये अनोळखी पोरांशी दहा-दहा मिनिटं हसत बोलायची प्रॅक्टिस झालेली असते.

मी पदवीनंतर त्याच पॅकेजिंग कंपनीत ओपीटीवर (पदवीनंतर एफ-१ वरच नोकरी करायची परवानगी) लागलो. १२ महिने, मेजर स्टेमचा (विज्ञान-तंत्रज्ञानाचा) असल्यामुळे पुढे आणखी २४, आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांच्या वर बेरोजगार राहायचं नाही असा नियम, म्हणजे "थोडं फिरून घेतो मग बघू" हे ब्रदरांचं वाक्य आपण बोलायचंच नाही.

ज्यांना घर, पार्टी नको आणि फक्त करिअरच हवंय त्यांनी प्रोफेशनल फ्रॅटर्निट्या बघा, अल्फा कप्पा साय (१९०४) आणि डेल्टा सिग्मा पाय (१९०७), दोन्ही न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत सुरू झालेल्या बिझनेसवाल्या. मुलं-मुली दोघांना घेतात, कारण टायटल नाइनमधली (शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव करू नये असा कायदा) फक्त मुलांचं किंवा फक्त मुलींचं ठेवायची सूट आमच्यासारख्या सोशल फ्रॅटर्निट्यांनाच आहे. साउथ एशियन पोरांचीही आहेत, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ला ऑस्टिनला सुरू झालं, तिथे निदान व्हिसा म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावावं लागणार नाही असं वाटतं. आणि कुठेही जा, आधी युनिव्हर्सिटीचा हेझिंगचा (नवीन मेंबरांच्या रॅगिंगचा) रिपोर्ट वाचा, डिसेंबर २०२४ च्या फेडरल कायद्याने तो जाहीर करणं बंधनकारक झालंय.

गेल्या महिन्यापासून चॅप्टरचे डोनेशनचे इमेल सुरू झालेत, घराचं छप्पर करायचंय म्हणे. दोन येऊन गेले. पाठवीन मी, पण तिसऱ्या रिमाइंडरनंतर, कारण त्या इमेलचा ड्राफ्ट मीच लिहिलेला आहे आणि मला माहितीये की फ्रिजवाल्या आकड्याचा फोटो तिसऱ्यात येतो.