तरंगमबाडीचा कास: शिशाचा की तांब्याचा?

1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीने तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत डान्सबोर्ग किल्ला बांधला. बाजारहाटाला चिल्लर हवी, म्हणून तमिळ ‘कासु’ या नाण्याच्या वळणाने ‘कास’ ही छोटी नाणी पाडली. 80 कासांचा एक फानो, आठ फानोंचा रुपया. म्हणजे रुपयाला 640 कास!

सुरुवातीचे कास शिशाचे. शिसे 327 अंशांवरच वितळते, त्यामुळे मोठ्या भट्टीवाचून काम भागते. पण खोटी नाणी पाडणाऱ्यालाही तीच सोय! शिवाय धातू इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. हातोहाती फिरून ठसा पुसला जातो.

डेन्मार्कच्या पाचव्या ख्रिस्तियान राजाच्या काळात (1670–1699) तांब्याचा कास रुळला. एका बाजूला राजाची मुद्राक्षरे (नावाची गुंफलेली आद्याक्षरे), दुसरीकडे कंपनीची. तांब्याला स्वतःचे मोल, म्हणून दुकानदार कुरकुर न करता घेणार. (याच सुमारास तंजावरला एकोजीराजे भोसल्यांची सत्ता आली.)

बाजारात तांबेच सरस, यात वाद नाही. मला मात्र शिशाचाच कास आवडतो, ओबडधोबड आणि घाईत पाडलेला. मिळाला तर लाकडी पेटीत ठेवू नका; लाकडातून सुटणारे आम्ल त्याला खाते.